दोन दिवसांत उलटलेला निर्णय: राइझ, सुंगहान आणि परदेशी चाहत्यांचं वजन

२०२४ चा दसरा शनिवारी होता, १२ ऑक्टोबरला. आदल्या दिवशी सोलमधल्या एसएम एंटरटेनमेंट या संगीत कंपनीने जाहीर केलं, की राइझ या कोरियन पॉप गटातला, जवळजवळ अकरा महिने बाजूला बसवलेला सुंगहान नोव्हेंबरपासून परत येणार. आमच्या पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री कुणी झोपलं नाही. दसऱ्याच्या सकाळी मी दाराचं तोरण ओवत बसले होते. झेंडू, मधे मधे शेवंती. फोन थांबेना म्हणून सुई-दोरा खाली ठेवून बघितलं, तर सोंगसू-दोंग भागातल्या एसएमच्या इमारतीबाहेरचे फोटो आले होते. फुटपाथवर माणसापेक्षा उंच, थरांवर थर चढवलेली पुष्पचक्रं एकाला एक लागून उभी होती. फुलं पांढरी शेवंतीच. आपण ती देवाला वाहतो. कोरियात ती मयताला नेतात. प्रत्येक चक्राच्या दोन्ही बाजूंनी लांब रिबिनी सोडलेल्या आणि त्यांवर मजकूर होता, की सुंगहानने गट सोडावा. नुकतीच एकविशी गाठलेल्या, जित्याजागत्या मुलासाठी ही फुलं आली होती.

रविवारी, १३ तारखेला, सुंगहान गट सोडतो आहे असं कंपनीने जाहीर केलं.

मी बरीच वर्षं कोरियन पॉप ऐकते, आणि पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या मुलींसाठी अल्बमची सामूहिक ऑर्डर चालवते. आमच्या बोलीत त्याला 'जीओ' म्हणतात. कोरियन कंपन्यांना परदेशातले चाहते खरोखर किती मोलाचे वाटतात, हा आमच्यात नेहमी निघणारा विषय. त्यावर पुष्कळ प्रकरणं सांगता येतील, पण मला राइझचं प्रकरण सगळ्यात बोलकं वाटतं. एरवी देशी चाहते आणि परदेशी चाहते दोघांनाही जे हवं असतं तेच कंपनी देते, त्यामुळे कुणाचं पारडं जड ते कळत नाही. इथे एकाच माणसावरून दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहिल्या आणि कंपनीला आधी एक, मग दुसरी अशी बाजू घ्यावी लागली.

गट कुणासाठी बांधला होता

राइझने ४ सप्टेंबर २०२३ रोजी पदार्पण केलं. सात जण: शोतारो, उनसोक, सोंगछान, वोनबिन, सुंगहान, सोही आणि अँटन. त्यांतला शोतारो जपानी, अँटन अमेरिकेत जन्मलेला आणि तिथेच वाढलेला. अमेरिकेतल्या कामासाठी आरसीए रेकॉर्ड्सशी करार झाला होता. म्हणजे हा गट घरच्या बाजारापुरता आखलेला नव्हता. पहिल्या 'गेट अ गिटार' या सिंगल अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात १० लाखांहून जास्त प्रती गेल्या. नव्या गटाच्या पहिल्याच अल्बमने हा आकडा गाठणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती, आणि त्यातल्या काही प्रती माझ्या घराच्या पत्त्यावर आल्या होत्या.

त्या वर्षाची पार्श्वभूमीही लक्षात ठेवायला हवी. २०२३ च्या सुरुवातीला एसएमचे संस्थापक ली सू-मान यांना कंपनीतून दूर करण्याचा प्रकार झाला, कंपनी कुणाच्या ताब्यात जाणार यावरून हाइब ही प्रतिस्पर्धी संगीत कंपनी आणि काकाओ ही इंटरनेट कंपनी यांच्यात जुंपली आणि काकाओ जिंकली. नव्या व्यवस्थापनाने कामाचे वेगवेगळे निर्मिती विभाग केले. राइझ त्यांतल्या विझार्ड प्रॉडक्शनकडे आला. नव्या व्यवस्थापनाखाली पदार्पण करणारा हा पहिला मुलांचा गट. तो चालला नसता तर भागधारकांना दाखवायला त्यांच्या हातात काय उरलं असतं?

काय घडलं

सुंगहानचे पदार्पणाआधीचे खासगी फोटो राइझ सुरू होण्याच्या आसपासच बाहेर फुटले. एका मुलीबरोबरची जवळीक, असं त्यांचं स्वरूप. त्याने माफी मागितली. नोव्हेंबरमध्ये आणखी काही गोष्टी पसरल्या, सिगारेट ओढतानाचे फोटोही आले, आणि २२ नोव्हेंबर २०२३ ला त्याचं काम अनिश्चित काळासाठी थांबवल्याचं जाहीर झालं. खासगी गोष्टी बाहेर पसरवणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करू, असंही कंपनीने म्हटलं. पोलिसांपर्यंत जावं असं त्यात त्याच्या बाजूने काही नव्हतं. एका तरुण मुलाचं खासगी आयुष्य कुणीतरी चव्हाट्यावर आणलं होतं आणि शिक्षा मात्र त्यालाच झाली. मी हे प्रकरण तटस्थपणे मांडायचा प्रयत्न करते आहे, पण एवढ्या एका मुद्द्यावर मला तटस्थ राहता येत नाही.

पुढचे महिने गट सहा जणांनी चालवला. मे ते सप्टेंबर २०२४ या काळात चाहत्यांसाठीचा पहिला दौरा झाला: सोल, जपानमधली शहरं, मेक्सिको सिटी, लॉस एंजेलिस, मनिला, बँकॉक, जकार्ता वगैरे. परदेशात या काळात 'राइझ म्हणजे सात' हे वाक्य हॅशटॅग होऊन बसलं. ईमेल मोहिमा, हॅशटॅग, प्रत्येक नव्या पोस्टखाली त्याचं नाव. कोरियात उलट पक्का होत गेलेला सूर असा, की सहा जण नीट चाललेत, आता पुन्हा काही उकरू नका.

मग ११ ऑक्टोबर. कंपनीने शुक्रवारी परतीची घोषणा केली आणि कोरियातल्या चाहत्यांनी त्याच दिवसापासून पुष्पचक्रं पाठवायला सुरुवात केली. बातम्यांमध्ये त्यांची संख्या हजाराच्या घरात सांगितली गेली. दोन दिवसांनी सुंगहानचं हस्तलिखित पत्र आलं: गटासाठी आणि चाहत्यांसाठी आपण बाहेर पडणं बरं, अशा अर्थाचं. सोबत निर्मिती विभागाच्या प्रमुखांचं निवेदन, ज्यात आपल्या घोषणेने सगळ्यांनाच गोंधळात टाकलं आणि दुखावलं याबद्दल माफी होती.

परदेशी चाहत्यांचा राग त्यानंतर उसळला. बहिष्काराच्या हाका, लाखोंनी हॅशटॅग, चॅनेलवरून कमी होणारे सदस्य. निर्णय बदलला नाही. म्हणजे एका बाजूच्या विरोधाने निर्णय दोन दिवसांत फिरला, दुसऱ्या बाजूचा विरोध सुरू व्हायच्या आत प्रकरण मिटलेलं होतं आणि नंतर कितीही चालला तरी ते पुन्हा उघडलं गेलं नाही.

सोलमधली मुलगी काय काय करते

'कंपनीला आमची किंमत नाही' एवढं म्हणून थांबायला मला आवडत नाही, कारण कोरियातली चाहती नेमकं काय काम करते हे आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही.

कोरियात दर आठवड्याला टीव्हीवर गाण्यांचे चार-पाच कार्यक्रम असतात. त्यांचं चित्रीकरण बऱ्याचदा आधी, पहाटे होतं. चाहत्यांच्या आरोळ्या ऐकू याव्यात म्हणून त्यांना आत घेतात. त्यासाठी कडाक्याच्या थंडीत अंधारात रांग लावायची. दारात फॅनक्लबचं सदस्यत्व, ओळखपत्र, विकत घेतलेला अल्बम आणि कोरियन सेवेवर गाणं ऐकल्याचा किंवा विकत घेतल्याचा पुरावा दाखवायचा. हे सगळं तीन मिनिटांच्या गाण्यासाठी. मी टीव्हीवर बघते तेव्हा मागून ऐकू येणारी प्रत्येक सदस्याच्या नावाची तालबद्ध आरोळी त्या मुलींची असते.

मग 'होम्मा' असतात, म्हणजे मोठी लेन्स घेऊन एकेका सदस्यामागे फिरणाऱ्या चाहत्या. विमानतळ, कार्यक्रम, मैफल, सगळीकडे. आपल्या फोनच्या वॉलपेपरवर जो फोटो असतो तो पुष्कळदा कंपनीच्या फोटोग्राफरचा नसून यांच्यापैकी कुणाचा तरी असतो. वाढदिवसाला मेट्रो स्टेशनवर जाहिरात लावणं, कॅफे सजवणं, घरच्या चार्टवर गाणं वर राहावं म्हणून पाळ्या लावून ऐकत राहणं, हेही त्यांचंच काम. त्या चार्टवर गाणं वर असलं तर वर्षअखेरीचे पुरस्कार, घरगुती ब्रँडच्या जाहिराती आणि 'सगळ्या कोरियाला माहीत असलेला गट' ही ओळख मिळते. जगभरचा चाहतावर्ग या सगळ्यावर पोसला जातो. होम्माने कॅमेरा खाली ठेवला की पुण्यातल्या माझ्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी फोटो येत नाहीत, इतकी ती साखळी सरळ आहे.

त्यामुळे त्यांची बाजू अशी होती: आम्ही रोज हे करतो, आम्हीच तोंडावर टीका झेलतो, आणि एवढा मोठा निर्णय आम्हाला न विचारता शुक्रवारी एका निवेदनात टाकता? राग समजतो. ज्या तऱ्हेने तो दाखवला गेला ती मला आजही पटत नाही. जिवंत मुलाच्या नावाने मयताची फुलं पाठवणं हे क्रूर आहे, आणि कोरियातही असं म्हणणारे होतेच. तिथेही एकमत नव्हतं. पण संघटित होते ते विरोधातले.

एक शब्द इथे सांगायला हवा. कोरियन चाहत्यांच्या बोलीत परदेशी चाहत्यांसाठी 'वेक्वी' असा शब्द आहे. परदेशी आणि झुरळ या दोन शब्दांचा जोड. आम्ही पैसे देत नाही, फुकट बघतो, नुसता गोंगाट करतो, असा त्याचा आशय. पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला तेव्हा मी घरी आलेल्या अल्बमच्या पेटीकडे बघत बसले होते. त्या पेटीवर जकात भरून दोन दिवस झाले होते.

पुण्याची पेटी कुठे मोजली जाते

आता आमची बाजू, जवळून.

जीओ असा चालतो. अल्बम जाहीर झाला की मी एक तक्ता उघडते. नाव, किती प्रती, कुठली आवृत्ती, कुठल्या सदस्याचं कार्ड (अल्बमसोबत येणारं छोटं फोटोकार्ड) हवं. बऱ्याचशा ऑर्डर आधी भरलेल्या पैशांवर. कोरियातल्या अशा दुकानातून घ्यायचं की जिथली विक्री हांतिओ चार्टच्या मोजणीत धरली जाते, नाहीतर पहिल्या आठवड्याच्या आकड्यात आपल्या प्रती दिसणार नाहीत, आणि पहिल्या आठवड्याचा आकडा म्हणजे या धंद्याची इज्जत. प्रत्येक अल्बममध्ये फोटोबुक, सीडी आणि कुणाचं निघेल ते फोटोकार्ड. वजनामुळे टपाल महाग, म्हणून कुणी कुणी सांगतात की नुसती कार्डं पाठवा, बाकी तिकडेच राहू दे. पेटी आली की मी जमिनीवर चादर अंथरते आणि कार्डं सदस्यांप्रमाणे लावते. एकाच सदस्याची नऊ कार्डं निघतात आणि कोल्हापूरच्या मुलीला हवं असलेलं एकही नसतं, मग इतर जीओवाल्यांशी अदलाबदल.

एवढं सगळं होऊन त्या प्रती मोजल्या जातात कशा? कोरियातल्या दुकानातली विक्री म्हणून. आठवड्याचा जो आकडा वर्तमानपत्रात छापून येतो त्यात पुणे नसतं, मनिला नसतं, साओ पाउलो नसतं. आम्ही बेरजेत असतो, पण आमचं नाव नसतं. सोलमधल्या मुलीचा बहिष्कार म्हणजे रिकामी रांग. ती कॅमेऱ्यात दिसते. माझा बहिष्कार म्हणजे एका दुकानाकडून कमी गेलेल्या चाळीस प्रती, ज्या कुठल्याही दुसऱ्या कारणानेही कमी जाऊ शकतात.

आमच्या आवाजालाही तसेच अडथळे. काही कार्यक्रमांच्या मतदानाची ॲप जगभर चालतात, पण कोरियातल्या मोठ्या संगीतसेवांवर खातं उघडायला तिथल्या फोन नंबरवर ओळख पटवावी लागते. एकदा एका कंपनीच्या परदेशी चाहत्यांसाठीच्या मदतखात्याला मी हरवलेल्या सदस्यत्वाच्या किटबद्दल लिहिलं होतं. चार वेळा तेच तयार उत्तर आलं. पाचव्यांदा लिहिलं नाही.

पैशाच्या बाजूने मात्र चित्र अगदी वेगळं आहे. कोरियाच्या सर्कल चार्टनुसार २०२३ मध्ये पहिल्या ४०० अल्बमच्या मिळून ११ कोटींहून जास्त प्रती गेल्या. २०२४ मध्ये तो आकडा १० कोटींच्या खाली घसरला, दहा वर्षांतली पहिली घसरण. याच दोन वर्षांत अल्बमची निर्यात मात्र जवळजवळ जागच्या जागी, सुमारे २९ कोटी डॉलरवर टिकली. एकूण विक्री घसरताना परदेशी खरेदीने आधार दिला. मैफलींच्या दौऱ्यांचं उत्पन्न तर यात धरलेलंच नाही. म्हणजे ज्या वर्षी एसएमने सुंगहानचा निर्णय दोन दिवसांत फिरवला, त्याच वर्षी परदेशी चाहत्यांचं वजन हिशेबात वाढत होतं.

हिशेबात वाढलं तरी निर्णयात का वाढलं नाही, याचं एक कारण असं, की 'परदेशी चाहते' नावाचा एक गट मुळात नाही. निर्यातीत जपान पहिला, आणि जपानी चाहत्यांशी कंपन्या वेगळ्याच आदराने वागतात: जपानी भाषेतली गाणी, स्वतंत्र फॅनक्लब, मोठ्या बंदिस्त स्टेडियममधले दौरे. चीनमधून वर्षानुवर्षं ठोक खरेदी झाली, पण तिथे राजकारणाची टांगती तलवार असते. २०१६ नंतर तिथे कोरियन कलाकारांचे कार्यक्रम जवळजवळ बंद पडले होते. अमेरिकेत तिकिटं महाग विकली जातात. दक्षिण-पूर्व आशियात चाहते प्रचंड आणि आवाजही मोठा. आपल्याकडे प्रेम भरपूर, खर्च करण्याची ऐपत कमी. इतके वेगवेगळे लोक एका हॅशटॅगखाली आले तरी सोंगसू-दोंगच्या फुटपाथवर उभे राहू शकत नाहीत.

आधीची दोन प्रकरणं

एसएमने कोरियन चाहत्यांपुढे नेहमीच मान तुकवली आहे, असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये एक्सो गटातल्या छेनने लग्न करत असल्याचं आणि बाळ येणार असल्याचं पत्राने कळवलं. चिडलेल्या काही कोरियन चाहत्यांनी त्याला गटातून काढा म्हणून सोलमध्ये निदर्शनं केली. परदेशातून बहुतेक जण त्याच्या पाठीशी उभे राहिले. कंपनीने सांगितलं, की गटाच्या रचनेत बदल नाही. आणि छेन राहिला.

फरक कशात होता? एक्सोला तेव्हा जवळजवळ आठ वर्षं झाली होती. त्याचे चाहते पक्के, नवे जोडण्याची घाई नव्हती. राइझ एका वर्षाचा होता आणि त्याचं कोरियातलं स्थान अजून घडत होतं. नव्या गटाला घरचे चाहते सोडून गेले तर तो परत उभा राहत नाही, ही भीती कंपनीच्या डोक्यात घर करून असावी. परदेशी चाहते रागावतील, पण जातील का? बहुधा तिथे त्यांनी मनातल्या मनात उत्तर 'नाही' असं धरलं.

दुसरं प्रकरण मोन्स्टा एक्स या दुसऱ्या कंपनीच्या गटातल्या वोनहोचं. जुन्या आरोपांनंतर ३१ ऑक्टोबर २०१९ ला तो गटातून बाहेर पडला. परदेशी चाहत्यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फलक लावले, महिनोन् महिने मोहीम चालवली. पोलिसांच्या चौकशीत पुढे काही निघालं नाही. एप्रिल २०२० मध्ये त्याला एकट्याचा कलाकार म्हणून करार मिळाला, तोही मूळ कंपनीच्याच एका उपकंपनीकडून. गटात मात्र तो परतला नाही.

हे वोनहोचं प्रकरण मी सगळ्यांना सांगते, कारण सुंगहानच्या बाबतीत पुढे नेमकं तेच झालं.

पुढे

नोव्हेंबर २०२४ मध्ये एसएमने सांगितलं, की सुंगहान पुढच्या वर्षी एकट्याने पदार्पण करेल. जुलै २०२५ च्या शेवटी तो नर्तकांना सोबत घेऊन नव्या नावाने आला. गटाची खोली बंद, पण पडवीत जागा दिली. परदेशी चाहत्यांच्या मोहिमेने त्याला हे मिळवून दिलं असं मी मानते. कोरियातल्या चाहत्यांच्या मर्जीवर सोडलं असतं तर त्याला कुठलीच कंपनी पुन्हा उभी करायला धजली नसती. म्हणून आमच्या आवाजाला किंमत नाही, असं मी म्हणत नाही. आमच्या आवाजाने एक स्वतंत्र दार उघडतं, कारण त्या दारातून माल आम्हीच घेणार हे कंपनीला माहीत असतं. जिथे घरच्या चाहत्यांचा हक्क आहे असं कंपनी समजते, त्या जागेला मात्र आम्हाला हात लावता येत नाही.

राइझचं काय झालं? मे २०२५ मध्ये 'ओडिसी' हा पहिला पूर्ण अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यातच पुन्हा १० लाखांच्या वर गेला. जुलैपासून पहिला जागतिक दौरा सुरू झाला, अमेरिकेसकट. बहिष्काराचा धक्का बसलाच नाही, असं मी म्हणणार नाही. आमच्याच ग्रुपमध्ये तो बसला. पण कंपनीच्या वरच्या मजल्यावरून बघणाऱ्याला आपला निर्णय बरोबर होता असं वाटायला हे आकडे पुरेसे होते. इथून पुढे अशाच पेचात दुसरी कंपनी सापडली तर ती हेच उदाहरण समोर ठेवेल, ही मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट आहे.

माझ्या मते चूक पहिल्या घोषणेत होती. त्याला परत आणायचं ठरवलं तेव्हा कंपनीकडे दोन्ही बाजूंशी बोलायला अकरा महिने होते. कोरियन फॅनक्लबला आधी विश्वासात घेता आलं असतं. परदेशी चाहत्यांची संख्या, त्यांची खरेदी, त्यांची मागणी हे सगळं कंपनीच्याच ॲपमध्ये, दुकानात आणि सदस्ययादीत नोंदलेलं असतं. ते आकडे उघड मांडून 'इतके लोक त्याला मागताहेत' असं म्हणता आलं असतं. तसं केलं असतं तर पुष्पचक्रं आली नसती असं नाही, पण त्या फुटपाथसमोर ठेवायला दुसरं काहीतरी असतं. त्याऐवजी एका मुलाला दोन दिवस आशा दाखवून पत्र लिहायला बसवलं गेलं.

मोठ्या कंपन्यांचं उत्तर हल्ली वेगळंच दिसतं. जुन्या गटात परदेशी चाहत्यांना बोलू द्यायचं नाही. त्यांच्या देशात जाऊन त्यांच्यासाठी नवे गट बनवायचे. जेवायपी या कंपनीने जपानमध्ये निझियू, हाइबने अमेरिकेत कॅट्साय, एसएमने ब्रिटनमध्ये डिअर ॲलिस उभा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये हाइबने मुंबईत आपली भारतीय कंपनी सुरू केली, इथल्या मुलामुलींना हेरून घडवायचं म्हणून. आमच्या ग्रुपमधल्या नाशिकच्या एका सतरा वर्षांच्या मुलीने लगेच विचारलं, "ताई, ऑडिशन देऊ का?" मी म्हटलं, दे. ती छान नाचते. आईला विचारून दे, एवढंच सांगितलं.

हे मला चांगलंच वाटतं. मुंबईतल्या गटाच्या रांगेत तरी आम्हाला उभं राहता येईल, आणि त्या गटाच्या घरच्या चाहत्या आम्हीच असू. तेव्हा मनिला किंवा मेक्सिकोतल्या कुणी एका सदस्याची बाजू घेतली, तर आम्ही कसं वागतो तेही कळेल.

'ओडिसी'चा जीओ उघडला तेव्हा तक्त्यात २२ नावं आली. आधीच्या वेळी ३७ होती. गेलेल्यांपैकी चौघी सुंगहानचं ऐकतात, बाकीच्या वेगळ्या गटांकडे गेल्या. दोघींनी 'गेट अ गिटार'मधली सुंगहानची कार्डं मला परत आणून दिली, विकायची नाहीत पण बघवतही नाहीत म्हणून. ती स्टीलच्या एका डब्यात ठेवली आहेत. शोतारो आणि अँटनची कार्डंही त्यातच आहेत, ज्यांना हवी असतील त्यांनी टपालखर्च पाठवून मागवावीत.